उलटी हजेरी

एप्रिलचे शेवटचे दिवस. शाळा सकाळची. साडेअकराला घंटा झाली, मुलं गेली, फाटकापाशी आइसकांडीवाल्याच्या भोवतीचा कालवाही आता संपला. वर्गात तुम्ही एकट्याच आहात. किंवा एकटे. मी बाई आहे, म्हणून मला ‘एकट्या’च सुचतं.

टेबलावर ढीग आहे. निकालपत्रक, गुणांचे तक्ते, हजेरीचा वार्षिक गोषवारा, पोषण आहारातल्या तांदळाचा हिशेब, पुढच्या वर्षी पुन्हा वापरायला जमा केलेल्या पुस्तकांचा गठ्ठा, शिवाय मोबाइलवर ‘माहिती आजच भरावी’ असे चार संदेश. हे सगळं राहू द्या. अर्धा-पाऊण तास त्याला कुणी हात लावला नाही तरी काही बिघडत नाही. माहिती ‘आजच’ मागणारे उद्याही मागतातच.

ढिगातून एकच वस्तू उचला, हजेरीपत्रक. आणि खुर्चीवर बसू नका. शेवटच्या बाकावर जाऊन बसा. गुडघे अडतील, पाय तिरके करावे लागतील. तसेच करा. बाक नसतील, बसकरपट्ट्या असतील, तर भिंतीला पाठ टेकून खालीच बसा. फरशी गार असते.

आता काही करायचं नाही. श्वास मोजायला मी सांगणार नाही. वर्षभर आपण सारखं काहीतरी मोजतच आलोय. नुसतं समोर बघा. तुम्ही रोज जिथं उभ्या असता ती जागा इथून कशी दिसते ते बघा.

मी पहिल्यांदा अशी बसले तेव्हा मला काय दिसलं ते सांगते. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यावर खिडकीतला उजेड पडतो आणि तेवढा भाग आरशासारखा चकाकतो. तिथं लिहिलेलं शेवटच्या बाकावरून काही म्हणता काही दिसत नाही. वर्षभर मी गृहपाठ त्याच कोपऱ्यात लिहीत आले होते. ‘मागची पोरं गृहपाठ उतरून घेतच नाहीत’ असं शिक्षकांच्या खोलीत मी किती वेळा म्हटलं असेल, त्याची नोंद कुठंच नाही, बरंय.

असं काही तुम्हालाही दिसेल. दिसलं तर लगेच वहीत टिपून घेऊ नका. त्याच्यापाशी जरा थांबा.

बाहेरचं कानावर येऊ द्या. दूर कुठंतरी रसवंतीच्या घुंगरांचा आवाज. दुपारच्या उन्हात कोल्हापूर असं सुस्तावतं, की रस्त्यावरून गेलेली एक मोटारसायकल बराच वेळ ऐकू येत राहते. चार वाजता आभाळ भरेल, वळीव येईल कदाचित. आत्ता मात्र पान हलत नाही. बाकाखाली बघा. रबराचे चुरे, पेन्सिलीची सालपटं, बिनझाकणाची पाण्याची बाटली, एकच चप्पल. ही एकाच पायातली चप्पल दरवर्षी असते. ते पोर घरी कसं गेलं हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही.

आपल्याकडं श्रवण, मनन आणि निदिध्यासन अशा तीन पायऱ्या सांगितल्यात. शाळेच्या वेळापत्रकात पहिल्या पायरीचे आठ तास असतात. दुसरीला तासच नाही. तो आज आपण घेतोय असं समजा.

हजेरीपत्रक उघडा. जूनपासून आतापर्यंत आपण ते वरून खाली वाचलं. आज खालून वर वाचायचं.

याला कारण आहे. बहुतेक हजेरीपत्रकांत आधी मुलगे आणि मग मुली असतात. वरची दहा-बारा नावं घेताना आपला आवाज ताजा असतो, मान वर असते. विसाव्या नावापर्यंत कुणीतरी दारात येतं, कुणीतरी पाणी सांडतं, आणि उरलेली नावं आपण हजेरीपत्रकाकडं बघूनच उरकतो. ‘हजर’ ऐकू आलं की टिंब. शेवटच्या मुली वर्षातले सव्वादोनशे दिवस उरकल्या जातात. म्हणून आज त्या आधी.

माझ्या चौथीच्या वर्गात ३८ मुलं होती. तेव्हा ३८ पासून.

नंबर मनात घ्या, नाव घ्या, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. गुण आठवू नका, परीक्षा आठवू नका. ‘हजर’ हा शब्द त्या पोराच्या आवाजात ऐकू आला पाहिजे. आला की पुढच्या नावावर जायचं, तोवर नाही.

३८. ही ‘हजर’ म्हणायची नाही, ‘हज्जर!’ म्हणायची, मधल्या ज वर उडी मारून. ३७ तिच्या शेजारी बसायची आणि तिच्या आवाजाच्या आडोशाला आपला आवाज लपवायची. ३६ चं उत्तर नेहमी दुसरंच कुणीतरी द्यायचं, ‘बाई, ती पाणी प्यायला गेल्या.’ ही मुलगी वर्षभरात किती पाणी प्याली असेल!

असं सावकाश वर सरका. घाई झाली तर थांबा, फरशीवर हात ठेवा.

मुलग्यांपाशी आलात की वर्गाचा आवाज वाढेल. माझ्या वर्गात दोन पेठा होत्या. हिवाळा सुरू झाला, शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा हंगाम लागला की वह्यांच्या शेवटच्या पानांवर पाटाकडील आणि दिलबहार या संघांचं सुरू व्हायचं. १४ नंबरनं भागाकाराच्या उदाहरणात बाकी उरली की तिला एक्स्ट्रा टाइम असं नाव दिलं होतं. ९ नंबर नदीकाठच्या वस्तीतला. इतर मुलं पाढे म्हणतात तसे त्याला पुराचे दोन आकडे पाठ होते, राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका. मी फळ्यावर ४३ वजा ३९ मांडलं तेव्हा वर्गाआधी त्याचं उत्तर आलं, आणि पुढं तो म्हणाला, ‘बाई, ह्या चार फुटांत आम्ही सामान बांधतो.’ ५ नंबर जोतिबाच्या चैत्र यात्रेनंतर दोन दिवस कानामागचा गुलाल मिरवत आला. धुऊ नको म्हणून आजीनं सांगितलं होतं म्हणे.

ही मुलं हाक मारायच्या आधी ओ देतात. त्यांच्यापाशी फार रेंगाळू नका. वर्षभर आपण त्यांच्यापाशीच रेंगाळलोय.

आता प्रगतिपुस्तक. शिक्षक नसलेल्या वाचकांसाठी थोडं सांगते. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. चौथीला १०० पैकी ६० गुण आकारिक, म्हणजे वर्षभर बघून, बोलून, करून घेऊन द्यायचे. ४० संकलित, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचे. शिवाय श्रेणी, अ-१ पासून ई-२ पर्यंत. आणि वर्णनात्मक नोंदी. प्रत्येक मुलापुढं तीन रकाने: विशेष प्रगती, आवड/छंद, सुधारणा आवश्यक.

कल्पना उत्तम आहे. मूल म्हणजे नुसता आकडा नव्हे, त्याच्याबद्दल चार शब्द लिहा. पण ३८ मुलं, तीन रकाने, दोन सत्रं, हा गुणाकार करून बघा. मग एप्रिलमध्ये शिक्षकांच्या गटांवर तयार नोंदींच्या याद्या फिरतात. ‘वर्गात लक्ष देऊन ऐकतो.’ ‘चित्रे काढण्याची आवड आहे.’ ‘बोलताना बोलीभाषेचा वापर करतो.’ यादीतलं एक उचलायचं आणि चिकटवायचं. मीही चिकटवलंय. एका वर्षी माझ्या वर्गातल्या अकरा मुलांना ‘गोष्टी ऐकण्याची आवड’ होती. मी त्या वर्षी एकूण किती गोष्टी सांगितल्या ते मला विचारू नका.

याच कोल्हापुरात १९८५ साली लीलाताई पाटील यांनी सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. शिक्षकांना शिकवून झाल्यावर त्या लहान मुलांकडं वळल्या. शाळा प्राथमिक, माध्यम मराठी, आणि मुलं काय करतात, काय बोलतात, काय लिहितात ते बघत राहणं हाच तिथं शिकवण्याचा मोठा भाग. मूल्यमापनाचं परिपत्रक यायला अजून पंचवीस वर्षं होती. त्यांचं ‘शिक्षणातील ओअ‍ॅसिस’ डी.एड.च्या वर्षांत आमच्या हातोहात फिरायचं. वाचताना मी मान डोलवायचे, आणि नोकरी लागल्यावर यादीतल्या नोंदी चिकटवायचे. दोन्ही मीच. लीलाताई जून २०२० मध्ये गेल्या. जूनमध्ये शाळा उघडतात. त्या जूनमध्ये करोनानं सगळ्या शाळांना कुलूप होतं.

असो. आपण हजेरी घेत होतो.

खालून वर सरकताना एखाद्या नंबरपाशी तुम्हाला उत्तर येणार नाही. नाव घ्याल, आणि समोर काहीच उभं राहणार नाही. आवाज नाही, चेहरासुद्धा धूसर. फार तर केसांची फीत आठवेल, किंवा बसायची जागा. मन लगेच म्हणेल, ‘हं, ती होय, शांत आहे,’ आणि पुढच्या नावाकडं पळेल.

पळू देऊ नका. या तासाचं खरं काम आता सुरू झालंय.

मला हे २९ नंबरपाशी झालं.

रोजची हजर. एका ओळीत नुसती टिंबं, एकही फुली नाही. श्रेणी ब-२. ब-२ म्हणजे ६१ ते ७० गुण. वर्गातल्या हुशार मुलांची नावं गल्लीला माहीत असतात. शिष्यवृत्तीला बसणाऱ्यांची तर पंचक्रोशीला. मागं पडणाऱ्यांची नावं मुख्याध्यापकांना माहीत असतात, त्यांच्यासाठी जादा तास असतात. ब-२ कडं बघायचं कुणाला काही कारणच पडत नाही. ती मुलं त्रास देत नाहीत. ती आपल्यावर कृपा करतात आणि आपण त्या कृपेचं नाव ‘शांत स्वभाव’ असं लिहितो.

तर २९ नंबर. मी थांबले. पाच मिनिटं गेली असतील. आठवलं एवढंच, की तिच्या दप्तराला शेणाचा वास यायचा आणि एकदा शेजारच्या मुलीनं त्यावरून नाक मुरडलं होतं. मी नाक मुरडणारीला रागावले होते, ते मात्र स्पष्ट आठवलं. आपण केलेला न्याय आपल्या बरा लक्षात राहतो. जिच्यासाठी केला ती नाही.

तुमचंही एखादं नाव असं रिकामं निघालं असेल, तर स्वतःला बोल लावत बसू नका. ती पळवाटच आहे. अपराधी वाटून घेतलं की पुन्हा आपणच मधोमध येतो आणि पोर पुन्हा मागं जातं. त्यापेक्षा उठा आणि कपाटातून तिची वही काढा. मराठीची. निबंधाची. घरी दिल्या नसतील अजून.

तिच्या वहीत दिवाळीनंतरचं एक पान होतं. ‘माझा आवडता सण’. सात ओळी. मी त्या आधी वाचलेल्या होत्या, कारण खाली माझी सही होती, तारीख होती आणि ‘अक्षर सुधार’ असा शेरा होता. १० पैकी ६.

तिनं लिहिलं होतं: ‘दिवाळीच्या पाडव्याला आम्ही म्हशींना रंगवतो. मी शिंगाला तांबडा रंग देतो. आमची चंद्री कुणाला शिंगाला हात लावू देत नाही. मी गेलो की गप उभी राहते.’

‘देतो’ खाली लाल रेघ. वर माझ्या अक्षरात: ‘देते’. ‘गेलो’ खाली लाल रेघ. वर: ‘गेले’.

म्हैस मी वाचलीच नव्हती.

इथं जरा बसते मी. तुम्हीही बसा.

कोल्हापूरच्या बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. आमच्या गावात गोठे अजून पेठांच्या आत आहेत. गंगावेशीत रात्री म्हैस उभी करून समोर धार काढतात आणि फेसाळलेला ग्लास हातात देतात. लांबून माणसं त्यासाठी येतात. दिवाळीच्या पाडव्याला म्हशींचा मान. त्यांना न्हाऊमाखू घालतात, पाठीवरचे केस भादरून नक्षी काढतात, शिंगं रंगवतात, त्यावर मोरपिसांचे तुरे, गळ्यात कवड्यांच्या माळा, पायांत चाळ. मग मालक मोटारसायकल रेस करत पुढं जातो आणि म्हैस त्याच्या हाकेवर मागं धावते. शेकडो माणसं बघायला उभी असतात. एवढी मोठी, ताकदीची, हट्टी म्हैस कुणालाही शिंगाला हात लावू देत नाही, आणि नऊ वर्षांच्या पोरीसमोर गप उभी राहते. माझ्या वर्गात, खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर, वर्षभर हे बसलेलं होतं.

आणि ‘देतो’. तेही सांगते. कोल्हापूरकडच्या बायका आणि मुली बोलताना ‘मी आलो’, ‘मी जातो’, ‘मी करतो’ म्हणतात. पुस्तकातल्या मराठीत ते पुरुषांचं रूप, आमच्याकडं ते सगळ्यांचं. माझी आई असं बोलते. मी आईशी फोनवर बोलताना ‘आज उशिरा येतो गं’ म्हणते. वर्गात आले की ‘येते’. हा बदल मला करावा लागत नाही, उंबरा ओलांडताना चप्पल काढावी तसा तो होतो. शाळेची भाषा मुलींना यायला हवी, पुढं परीक्षेत कुणी ‘देतो’ चालवून घेणार नाही, हे मला ठाऊक आहे आणि ते मी आजही शिकवते. लाल रेघ चूक होती असं माझं म्हणणं नाही. पण त्या पानावर मी दोनच गोष्टी बघितल्या, तो आणि लो. प्रगतिपुस्तकात पहिल्या सत्राच्या ‘सुधारणा आवश्यक’ रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, ‘लेखनात बोलीभाषेचा प्रभाव’. शेजारी ‘आवड/छंद’मध्ये काय होतं? ‘गोष्टी ऐकणे’.

तुमच्या हातात असेल त्या वहीतलं एखादं पान असंच वाचा. लाल शाईखालचं वाचा. घाई नाही.

शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड. त्या काळातला रुपया! त्या कायद्याचं मोल आम्हा लोकांना कुणी समजावून सांगायला नको, आमच्या घरांतली पहिली शिकलेली पिढी त्यातूनच आली. महाराजांनी पोराला शाळेच्या दारापर्यंत आणलं. दाराच्या आत त्याला कुणी बघितलं की नाही हे कोणत्याही कायद्याला तपासता येत नाही. हजेरीपत्रकात बाईंसाठी रकाना नसतो.

आता तुम्हाला वाटेल की मी तुम्हाला स्वतःचं प्रगतिपुस्तक भरायला लावणार. विशेष प्रगती, आवड, सुधारणा आवश्यक. नाही लावणार. प्रशिक्षणात आमच्याकडून ते दोनदा भरून घेतलंय आणि दोन्ही वेळा मी छान छान लिहिलं.

हजेरीपत्रकात आणखी एक ओळ असेल. ती अर्ध्यावर तुटलेली असेल. माझ्याकडं ती २१ नंबरची होती, मुलग्यांच्या यादीच्या अगदी शेवटी, नंतर जोडलेली. नोव्हेंबरच्या मध्यापासून सुरू, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात बंद. बीडकडचा पोरगा. आईबाप ऊसतोडीला आलेले, त्यांची कोपी, म्हणजे झोपडी, उसाच्या फडाजवळ. त्याच्याकडं शिक्षण हमी कार्ड होतं, म्हणजे गावाकडच्या शाळेनं लिहून दिलेलं, की हा इतका शिकलाय, आता तुम्ही पुढं शिकवा. पहिल्या दिवशी त्यानं ते कार्ड खिशातून काढून दिलं तेव्हा ते घामानं ओलं होतं.

आपण वर्ष जूनपासून एप्रिलपर्यंत मोजतो. त्याचं वर्ष साखर कारखान्याबरोबर चालायचं. धुराड्यातून धूर निघाला की सुरू, पट्टा पडला की संपलं. एका सोमवारी तो आला नाही, मंगळवारी नाही, आणि बुधवारी कुणीतरी सांगितलं, ‘बाई, त्यांचा पट्टा पडला.’ निरोप नाही, निकाल नाही. माझ्याकडं त्याची एक चित्रकलेची वही राहिली. त्यात त्यानं आमची शाळा काढली होती, कौलारू. आमची शाळा कौलारू नाही. त्याच्या गावची असेल.

या ओळीपाशी जितका वेळ बसावंसं वाटेल तितका बसा. इथं आठवायचं काही नसेल तरी चालेल. माझं मन अशा वेळी भरकटतं. मला २०१९-२० आठवतं. ऑगस्टमध्ये महापूर, पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ५५ फूट ओलांडले, नदीकाठची माणसं शाळाशाळांतून राहिली. पाणी उतरलं, गाळ काढला, कसंबसं दुसरं सत्र मार्गी लागलं, तर मार्चमध्ये करोनानं शाळा बंद. परीक्षा नाही, सगळे पास. त्या वर्षीच्या हजेरीपत्रकात मार्चच्या मधोमध टिंबं थांबतात आणि पुढं नुसत्या चौकटी. त्या मुलांना मी पुढच्या वर्गात पाठवलं असं कागद सांगतो. मला तसं कधी वाटलं नाही. त्यातला एक आता दाढी राखून बाजारात भेटतो, वाकून नमस्कार करतो, आणि मला पहिल्यांदा त्याचा हजेरी नंबर आठवतो.

ऊन खिडकीतून सरकलं असेल. हजेरीपत्रकात आपण एक नंबरपर्यंत पोचलो असू. मिटा ते. उठताना बाकाला धरून उठा. तिरके ठेवलेले पाय आखडतात.

ढीग तसाच आहे. गुढीपाडव्यापासून ‘पट वाढवा’ म्हणून आम्ही घरोघरी फिरतोय, पुढच्या पहिलीची नावं मागत, म्हणजे जुनी पोरं अजून जायची आहेत आणि नव्यांची यादी टेबलावर येऊन पडलेली. मी त्या दिवशी घरी जायच्या आधी ३७ मुलांच्या दुसऱ्या सत्राच्या नोंदी संपवल्या. खोटं कशाला बोलू, सगळ्याच मनापासून लिहिल्या असं नाही. पाच-सहा यादीतल्या होत्याच. पण २९ नंबरचा एक रकाना मी कोरा ठेवला. मुख्याध्यापकांची सही झाली तरी तो कोराच होता. त्यांनी बघितलं नाही. ब-२ आहे म्हणून असेल.

१ मे. सकाळी झेंडावंदन, मग निकाल. पोरं धुतलेल्या गणवेशात, काही नव्या कपड्यांत. पालक दारात गर्दी करून. ती एकटीच आली होती; घरची माणसं दुधाच्या रतिबावर. तेल लावून चप्प बसवलेले केस, दोन वेण्या, फिती लाल. हात पुढं केला प्रगतिपुस्तकासाठी. मी दिलं नाही. खुर्ची जरा मागं सरकवली आणि रकाना दाखवला.

‘हितं काय लिहू?’

तिनं रकाना बघितला. मग माझ्याकडं बघितलं. परीक्षा संपल्यावर परत प्रश्न विचारणारी बाई बघून तिला काय वाटलं असेल कुणास ठाऊक.

‘म्हशी,’ ती म्हणाली. इतक्या हळू, की मला पुढं वाकावं लागलं.

‘म्हशींचं काय?’

मग ती बोलायला लागली. गोठ्यात सात म्हशी. त्यातली चंद्री मोठी, तिसऱ्या वेताची. तिची धार आजाच काढतो, दुसऱ्या कुणी बसलं तर पान्हा चोरते. शिंगाला रंग लावायच्या आधी तेल चोळावं लागतं, न्हाईतर रंग धरत नाही. मागच्या पाडव्याला हिरवा लावला होता, औंदा तांबडा. पळताना ती मोटारसायकलीचा आवाज ओळखते, काकाचीच लागते, दुसऱ्याच्या मागं जात नाही. दारात पालक खोळंबले होते. एकानं घड्याळ बघितलं. ती बोलत होती आणि मी वर्षात पहिल्यांदा तिचा आवाज ऐकत होते. जरासा घोगरा आहे. मोठ्या जनावरांना हाका मारून झाला असेल.

मी पेन उघडलं आणि रकान्यात लिहिलं: ‘म्हशींची शिंगं रंगवतो.’

तिनं प्रगतिपुस्तक हातात घेतलं, ओठ हलवत वाचलं, आणि कपाळाला आठी घातली.

‘बाई,’ ती म्हणाली, ‘रंगवते पायजे न्हवं?’

‘आपल्यात रंगवतोच म्हणतात की.’

ती माझ्याकडं बघत राहिली. बाईंचं काहीतरी चुकलंय, पण सांगावं की नाही, अशा नजरेनं. तेवढ्यात मागून कुणीतरी पुढं सरकलं, आणि मी ३० नंबरचं प्रगतिपुस्तक शोधायला लागले.